कुत्र्याची पोथी

शेलारसाहेब कुत्र्यांना भीत. त्यांच्या खात्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलून दाखवत नसे. पशुधन पर्यवेक्षक म्हणून सत्तावीस वर्षं काढलेला माणूस, अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू फिरवणारा. पण रस्त्यात कुत्रं दिसलं की हातातली छत्री आपोआप त्या बाजूला यायची. पावसातसुद्धा ते पुष्कळदा भिजतच यायचे, कारण छत्री त्यांना मिटलेली लागायची.

मी तेव्हा महाडमधल्या एका लहानशा वाचनालयात ग्रंथपाल होते. ग्रंथपाल म्हणजे झाडण्यापासून हिशेबापर्यंत सगळं. तळमजल्यावर दोन खोल्या होत्या आणि दर पावसाळ्यात नदीचं पाणी दारापर्यंत यायचं, एखाद्या वर्षी आतही यायचं. म्हणून आम्ही एक रीत घालून घेतली होती. ज्या पुस्तकांना मागणी असे ती वरच्या फळ्यांवर आणि ज्यांना कोणी विचारत नसे ती अगदी खाली. पाण्याने न्यायचीच झाली तर ती न्यावीत. असं लिहून कुठे ठेवलं नव्हतं, पण समितीपासून वर्गणीदारांपर्यंत सगळ्यांना मान्य होतं.

शेलारसाहेब आमचे जुने वर्गणीदार. राहायला महाडात, नोकरी पोलादपूरच्या दवाखान्यात. रोज सकाळी एसटीने जायचे, संध्याकाळी परत यायचे. त्या प्रवासात त्यांना पुस्तक लागे. कुठलंही चाले. शिकारकथा, संतचरित्र, मधुमेहावरचं घरगुती उपचारांचं पुस्तक, सगळं त्यांनी सारख्याच चेहऱ्याने वाचलं. आवडलं का असं विचारलं तर म्हणायचे, "बस वेळेवर पोचली."

त्यांच्या बोलण्यात एक थकवा होता. तक्रारीचा नव्हता. तक्रार करायलाही माणसात जोर लागतो, तो त्यांनी फार आधी सोडून दिला होता. महिन्याचा अहवाल लिहायला ते कधीकधी आमच्या वाचन-टेबलावर बसत. किती लसीकरण झालं, किती मृत्यू. एकदा मी म्हटलं, मृत्यूच्या रकान्यात एवढी शून्यं कशी हो? त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "बाई, कागदावर सगळी जनावरं जिवंत असतात. त्यासाठीच कागद असतो." मग पिशवी उचलून निघाले. त्या चामडी पिशवीला फिनेलचा वास असे आणि त्यांनी परत केलेल्या पुस्तकांनाही तो लागे. काही वर्गणीदार पुस्तक हुंगून बघत आणि शेलारांकडून आलंय म्हणून बाजूला ठेवत.

ती कादंबरी आमच्याकडे अनुदानाच्या गठ्ठ्यातून आली. नव्व्याण्णव किंवा दोन हजार साल असावं. सबंध गोष्ट एक कुत्रा सांगतो. वर कुत्र्याचं चित्र, म्हणून मी ती आधी बालविभागात टाकली. मुलांनी दोन पानं चाळून परत केली. मग ती खालच्या फळीवर गेली, म्हणजे नदीच्या वाट्याची झाली.

तिथून ती वर काढली एका निवृत्त हेडक्लार्कांनी. कमरेला पट्टा बांधलेला असल्याने वाकता येत नव्हतं, खुर्चीवर बसून खालच्या फळीवरचं हाताला लागेल ते त्यांनी उचललं. आठवड्याने पुस्तक परत आणलं, टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता बाहेर जाऊन उभे राहिले. नंतर बँकेतल्या कॅशियरच्या बायकोने नेलं. दिवसभर तिचे डोळे लाल बघून नवऱ्याला वाटलं माहेरून काही वाईट कळलं. दासगावच्या एका शिक्षकांनी वर्गात वाचायला घेतलं आणि मध्येच फळ्याकडे तोंड करून उभे राहिले, असं त्यांच्याच मुलीने मला सांगितलं. बघता बघता पुस्तकासाठी नावं लागली. ते वरच्या फळीवर गेलं. पण फळीवर राहिलं कधी?

गोष्ट साधीच होती. लाकडाच्या वखारीचा राखणदार आणि त्याचा कुत्रा. वखार बंद पडते, माणसं शहरात जातात, जाताना मालक कुत्र्याला वखारीच्या खांबाला बांधतो. मागे येऊ नये म्हणून. आणि कुत्रा सांगतो, "त्याने मला बांधलं आहे. टाकून जायचं असतं तर मोकळं सोडलं असतं. ज्या अर्थी बांधलं आहे, त्या अर्थी सोडायला येणार." हे वाक्य सगळ्यांना अडकायचं. त्या पानाच्या कडेला पेन्सिलीच्या तीन वेगवेगळ्या रेघा होत्या. एरवी मी अशा रेघा खोडरबराने पुसते. त्या तशाच राहू दिल्या.

शेलारसाहेबांना या रडारडीचं हसू यायचं. म्हणायचे, ज्यांना एकदाही कुत्रं चावलेलं नाही तेच रडतात, पोटरीवर चौदा सुया घेतलेल्या माणसाला विचारा. सुया पोटात घेतात, पोटरीवर नाही, असं मी म्हटलं. ते म्हणाले, चावलं पोटरीला, सुया पोटात, आता तुम्ही माझ्या दुखण्याचंही सूचीपत्र करा.

एका सोमवारी त्यांच्या हाताला न वाचलेलं काहीच लागेना. बस सुटायची वेळ झाली होती. योगायोगाने ते पुस्तक नुकतंच परत आलेलं, टेबलावर पडलेलं. पुढचा नंबरवाला संध्याकाळी येणार होता. त्यांनी उचललं, "संध्याकाळी देतो" म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी आले नाहीत. आठवडाभर आले नाहीत. वीस वर्षांत पुस्तक उशिरा न देणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात आला तेव्हा बाहेर टळटळीत दुपार होती आणि वाचनालयात मी एकटी होते. त्यांनी पुस्तक पिशवीतून काढलं, पण टेबलावर ठेवलं नाही. मांडीवर धरून बसले. रजा काढली होती म्हणे. मी पाणी दिलं. ते न पिता त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि एवढं लांब बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं.

पोलादपूरच्या आधी त्यांची नेमणूक वरंधकडच्या भागात होती. तिथे डोंगरावर एक वाडी आहे, पंधरा-वीस घरांची. शेळ्या, म्हशी, नाचणी-वरीची शेती. लसीकरणाला वर गेलं की मुक्कामच करावा लागे. वाडीत श्रावणात पोथी लावायची रीत होती आणि वाचणारे म्हातारे एकेक करून गेले होते. शिकलेली पोरं मुंबईत. एका श्रावणात शेलार वर अडकले, तेव्हा भागाबाई नावाच्या म्हातारीने त्यांच्यापुढे पाट मांडला आणि वाच म्हणाली. तेव्हापासून वाडीचे वाचक तेच. सात वर्षं त्यांनी श्रावणात रजा टाकून पोथी वाचली. देवभोळे नव्हते. पण तिथे कोणी त्यांना अहवाल मागत नसे, असं ते म्हणाले.

भागाबाईला एक कुत्रा होता, चांद्या. कपाळावर पांढरा ठिपका. शेलार आले की भागाबाई चांद्याला आधी आत कोंडायची, मग हाक मारायची, "ये रे डाक्तर, कोंडलाय." वाडीवर सगळे त्यांना डाक्तरच म्हणत.

एका मे महिन्यात ते घटसर्पाच्या लशी घेऊन वर गेले. दिवसभरात सगळ्या वाडीची जनावरं टोचली. उतरायच्या वेळी चार माणसं आली. चांद्या दोन दिवस खात नाही, तोंडातून लाळ गळते, पिसाळलाय, काहीतरी करा, नाहीतर आम्ही काठ्या घेतो. शेलारांनी लांबून बघितलं. लाळ होती, मान वाकडी होती, डोळे लाल होते. जवळ जाऊन तोंड बघायचं त्यांच्याच्याने झालं नाही. त्यांनी ठरवलं, काठ्यांपेक्षा सुई बरी. पण कुत्रा धरणार कोण? भागाबाई सोडून कोणाच्या हाती तो येत नव्हता. तेव्हा त्यांनी तिला सांगितलं की लस देतो, बरा होईल, जरा बांधून धर. तिने गोठ्याच्या खांबाला बांधला. तो मुकाट बांधून घेत होता. शेपूटही हलवली.

"नंतर पुरायला उचलला तेव्हा तोंड उघडलं," शेलार म्हणाले. "वरच्या दाढांच्या मध्ये हाडाचा तुकडा आडवा अडकलेला होता, बाई. पिसाळला बिसाळला नव्हता. चिमट्याने दोन मिनिटांचं काम."

मी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

"मी थकलो होतो. दिवसभरात शंभराच्या वर जनावरं टोचली होती, उतरायचं होतं, शेवटची बस गाठायची होती. दुसरं काही कारण नाही. मी रोज शोधतो, पण दुसरं सापडत नाही."

भागाबाईला त्यांनी सांगितलं की रोग पुढे गेला होता, लस लागू पडली नाही. तिने मान हलवली आणि त्यांना चहा दिला. त्यानंतर ते वाडीवर गेले नाहीत. बदली मागून घेतली. दर श्रावणात महाडच्या बाजाराला येणाऱ्या कोणाबरोबर तरी तिचा निरोप यायचा, पोथी कधी लावायची. हे कधी पाय दुखतोय म्हणायचे, कधी साहेबाची तपासणी. आठ वर्षं वाडीची पोथी भागाबाईच्या फडताळात बांधून पडली होती.

मग त्यांनी मांडीवरचं पुस्तक माझ्यासमोर ठेवलं, त्याच पानावर उघडून. हे तिला वाचून दाखवायचंय, म्हणाले. वाचून दाखवलं तर मधेच सांगता येईल, नुसतं जाऊन उभा राहिलो तर नाही येणार. आणि मी बरोबर येईन का, एकट्याने वर चढायचा धीर नाही. पुस्तकाला सहा जणांची नावं लागलेली होती. मी ती नोंदवही मिटून ठेवली. माणसाबद्दल इतकं वाईट मला त्याआधी क्वचित वाटलं असेल.

श्रावणातल्या एका शनिवारी आम्ही गेलो. चढ अंगावर येणारा होता आणि शेलार दर वळणावर थांबत होते. दम लागला म्हणून थांबत होते की परत फिरावं म्हणून, ते मी विचारलं नाही.

वर पोचलो तर भागाबाईचं अंगण सारवलेलं. रांगोळी. ओटीवर पाट, पाटावर धुतलेलं फडकं, बाजूला निरांजन, सुपारी, नारळ. बायका-माणसं हातपाय धुऊन बसलेली. डाक्तर येतोय एवढाच निरोप तिला मिळाला होता. डाक्तर श्रावणात येतो तो पोथीलाच, यात तिला विचारण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

शेलारांनी पिशवीतून पुस्तक काढलं. ती पुढे झाली, सत्तरीची, कमरेत वाकलेली, पण डोळ्याने धड. तिने पुस्तक हातात घेतलं, मुखपृष्ठ बघितलं आणि कपाळाला लावलं.

"दत्ताची हाय वाटतं," ती म्हणाली. "कुत्रं हाय वर."

मी शेलारांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. नाही म्हणायचं एका शब्दाचं काम होतं. सगळी वाडी बसलेली होती. आमच्या दोघांच्याही तोंडातून तो शब्द निघाला नाही. भागाबाईने पुस्तक पाटावर ठेवलं, हळद-कुंकवात बोट बुडवलं आणि चित्रातल्या कुत्र्याच्या कपाळावर टेकवलं. वाचनालयाचं पुस्तक, शिक्का मारलेलं. माझा हात पुढे गेला होता, तो मी मागे घेतला.

आणि शेलारांनी वाचलं. पोथीच्याच चालीवर वाचलं, कारण त्या ओटीवर त्यांना दुसरी चाल येतच नव्हती. वाक्याच्या शेवटी आवाज लांबवायचा, थांबायचं, लोकांनी हूं म्हणायचं. सुरुवातीला मला हसू आवरेना. अर्ध्या तासाने ते गेलं. ती माणसं ऐकत होती तशी आमच्या गावातली कोणी ऐकली नसती. देव कधी येतो असं एकदाच कोणीतरी विचारलं. त्यावर एक म्हातारा म्हणाला, येईल, दत्त वेश पालटून येतो, तू ऐक. वखारीतला कुत्रा कोल्ह्याला हुसकतो तिथे लोकांनी माना डोलावल्या. मालक त्याला आपल्यातली अर्धी भाकर देतो तिथे बायकांनी हात जोडले.

शनिवारी अर्धं झालं. रविवारी सकाळी पुन्हा बसले. दुपारच्या सुमाराला ते पान आलं. शेलारांनी दोरीचं वाक्य वाचलं. ज्या अर्थी बांधलं आहे, त्या अर्थी सोडायला येणार. लोकांनी हूं म्हटलं. पुढचं वाक्य आलं नाही.

 त्यांनी चष्मा काढला आणि पोथीची चाल सोडून, नुसत्या आवाजात म्हणाले, "भागामाय, चांद्या पिसाळला नव्हता. त्याच्या दाढेत हाड अडकलं होतं. मी तोंड बघितलं नाही. तुला लस म्हणून सांगितलं, ती लस नव्हती. मारायची सुई होती."

 ज्या चौघांनी काठ्या घेतो म्हटलं होतं त्यांतले दोघे तिथेच बसलेले होते. त्यांनी खाली बघितलं. भागाबाई निरांजनाकडे बघत होती. वात काजळली होती, ती तिने बोटाने सारखी केली. बोटाला तेल लागलं ते डोक्याच्या केसांना पुसलं. हे सगळं तिने फार सावकाश केलं.

"त्या आठवड्यात जत्रेचं मटन व्हतं," ती म्हणाली. "हाड मीच टाकलं त्याला."

शेलार काहीतरी बोलू लागले. तिने हाताने थांबवलं.

"पोथी अर्धी ठेवायची नाय. वाच फुडं."

त्यांनी वाचलं. कसं वाचलं ते मला सांगता येणार नाही, मी रडत होते. मालक येत नाही. पावसाने दोरी कुजते, तुटते, आणि कुत्रा मोकळा होऊनही जागचा हलत नाही. तिथे कादंबरी संपते. वाडीला कळेना. पोथीच्या शेवटी ऐकणाऱ्याला फळ काय ते सांगितलेलं असतं. भागाबाईच्या सुनेने विचारलंच, याचं फळ काय म्हणून. शेलारांनी पुस्तकाचं मागचं पान उलटून बघितलं. तिथे आमच्या वाचनालयाच्या तारखांची चिठ्ठी होती.

"सुपारी हलव," भागाबाई सुनेला म्हणाली. "झाली समाप्ती."

वाचणाऱ्याला नारळ द्यायची रीत असते. तो तिने हातात दिला नाही, पाटावर ठेवला आणि आत गेली. शेलारांनी तो उचलून पिशवीत घातला. आम्ही निघालो तेव्हा ती बाहेर आली नाही. उतरताना ते एकदाही थांबले नाहीत. खाली फाट्यावर बसची वाट बघत बसलो असताना म्हणाले, आता बरं वाटेल असं वाटलं होतं. मग थोड्या वेळाने म्हणाले, नाही वाटत. 

पुस्तक मी परत आणलं. कुत्र्याच्या कपाळावरचं कुंकू तसंच होतं आणि पुढचे वाचक हा काय प्रकार म्हणून विचारायचे. प्रवासात लागलं असेल, असं मी सांगायचे. तपासणीला आलेल्या साहेबांनी पुस्तक खराब झाल्याचा शेरा मारला.

त्या वर्षाअखेर शेलारसाहेब निवृत्त झाले. रोजची बस नाही म्हणून पुस्तकंही कमी झाली. गुडघे गेले होते. वाचनालयाच्या बाकावर येऊन बसायचे, वर्तमानपत्र उघडून धरायचे आणि पान न उलटता तासभर काढायचे. वाडीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. मनातून मात्र मी त्या म्हातारीवर थोडी रागावले होते. एवढा माणूस चढून गेला, नारळ हातात द्यायला काय झालं होतं तिला? पुढे वय वाढलं तसा तो राग आपोआप गेला.

दुसऱ्या श्रावणाच्या तोंडावर भागाबाईची सून बाजाराला आली होती. रानभाजीची टोपली घेऊन ती वाचनालयाच्या दारात उभी राहिली, आत यायला तयार होईना. सासूने निरोप दिलाय म्हणाली, डाक्तरचं घर तुला ठाऊक नाही, तेव्हा पुस्तकवाल्या बाईंना सांग. निरोप तिने जसाच्या तसा सांगितला. "डाक्तरला सांग, औंदा कुत्र्याची नको. देवाची वाचायला ये."

संध्याकाळी शेलार आले तेव्हा मी त्यांना सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग विचारलं, ती नक्की 'ये' म्हणाली का, की नुसतं 'कोणीतरी यावं' असं म्हणाली. 'ये' म्हणाली, मी म्हटलं. त्यांनी मला पुन्हा एकदा सगळा निरोप म्हणायला लावला. म्हणजे तिला कळलं होतं, ते म्हणाले, ती दत्ताची नव्हती ते. कळणारच, मी म्हटलं. ते उठले, आणि छत्री बाकाशीच विसरून गेले. मी हाक मारून दिली.

त्यानंतर मी त्यांना एकदाच बघितलं. मी एसटीने भोरला बहिणीकडे निघाले होते, मागे खिडकीशी बसले होते. वरंधच्या पुढे फाट्यावर गाडी थांबली तेव्हा पुढच्या दाराने ते उतरले, मी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. पाऊस भुरभुरत होता. फडक्यात बांधलेली पोथी वर वाडीतच होती, त्यामुळे हात मोकळे, फक्त छत्री. चढाच्या तोंडाशी वाडीचं एक तांबूस कुत्रं बसलेलं होतं. येणाऱ्या माणसावर भुंकणं हे त्याचं कामच, ते उठून भुंकू लागलं. छत्री त्याच्या बाजूला आली. मग शेलारांनी ती उघडली आणि डोक्यावर धरली. कुत्रं भुंकत भुंकत पुढे चालायला लागलं आणि हे मागून, गुडघ्यावर हात ठेवत. दम लागून ते थांबले, तर कुत्रंही वरच्या दगडावर थांबून मागे बघू लागलं. तेवढ्यात कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी वळणाआड गेली.